संगीताचा प्रवाह आणि कानाची परीक्षा



आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल की, ज्या व्यासपीठावरून वेदान्तापासून विश्वोत्पत्तीपर्यंतच्या गोष्टी बोलल्या जातात, तेथे मोबाइलवर वाजणाऱ्या गाण्याची चिकित्सा कशाला? शंका रास्त आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज संगीत येते ते याच वाटेने. रेकॉर्ड गेली, कॅसेट गेली, सीडी कपाटात पडून राहिली आणि घरोघरी नळाला पाणी यावे तसे गाणे येऊ लागले. नळाचे पाणी कोठून येते आणि वाटेत त्याचे काय होते याची चौकशी करणे हे सुजाण नागरिकाचे काम असेल, तर गाण्याची चौकशी करणेही वावगे नव्हे.

या चौकशीस मी कसा लागलो ते आधी सांगतो. एका दिवाळीत पहाटेच्या फराळाला आमच्याकडे चार मंडळी जमली होती. माझा भाचा एका स्ट्रीमिंग सेवेचा वर्गणीदार, माझे एक स्नेही दुसऱ्या सेवेचे. कोणाची सेवा अधिक सुरेल यावर वाद जुंपला. दोघांनी एकाच गायिकेची एकच भैरवी आपापल्या मोबाइलवरून एकाच स्पीकरवर पाळीपाळीने लावली. "मामा, आता तुम्हीच न्याय करा," भाचा म्हणाला. चाळीस वर्षे मैफली ऐकल्याचा मला अभिमान. मी डोळे मिटून ऐकले आणि स्नेह्यांच्या बाजूने कौल दिला: "यात तानपुऱ्याची जवारी अधिक खुलते." स्नेही सुखावले. दुसऱ्या दिवशी भाच्याने हळूच सांगितले की, स्नेह्यांच्या मोबाइलचा आवाज दोन घरे वर होता. त्याने दोन्ही आवाज सारखे करून पुन्हा ऐकवले, तेव्हा मला काडीचाही फरक सांगता आला नाही. जवारी खुलली नव्हती, फक्त आवाज वाढला होता.

ती फजिती हेच आजच्या व्याख्यानाचे बीज आहे.

आवाजाचे आकडे कसे होतात

गाणे म्हणजे हवेचे कंपन. ते तारेतून वा आकाशमार्गे आपल्या मोबाइलवर यायचे तर त्याचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. ते असे होते. मायक्रोफोनमधून येणाऱ्या विद्युत्-लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजायची आणि ते आकडे ओळीने लिहून ठेवायचे. रोग्याचा ताप तासातासाला मोजून तक्त्यावर मांडला की तापाची चढउतार डोळ्यांपुढे उभी राहते, तसाच हा प्रकार.

आता दोन प्रश्न उद्भवतात. किती वेळा मोजायचे आणि किती बारकाईने मोजायचे? पहिल्याचे उत्तर हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या अमेरिकेत काम करणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांच्या विचारातून मिळाले. शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ते नेटकेपणाने मांडले आहे. लहरीत जी सर्वात जलद कंपने असतील त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, तर मूळ लहर पुरतेपणी परत उभारता येते. दोन मोजण्यांच्या मध्ये काही हरवते ही समजूत चुकीची आहे. तरुण माणसाचा निरोगी कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. म्हणून १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांची सीडी बाजारात आली, तेव्हा तिच्यासाठी सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरल्या. बारकाई ठरली १६ बिटांची, म्हणजे प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी.

याचा हिशेब कोणीही करावा. ४४,१०० गुणिले १६, आणि डाव्या-उजव्या कानासाठी पुन्हा गुणिले २, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. यालाच १४११ किलोबिट म्हणतात. एक तासाच्या मैफलीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट येत होते त्या काळी तो डोंगराएवढा होता. डोंगर वाटेतून न्यायचा तर तो लहान करणे भाग होते.

लहान करण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग प्रामाणिक व्यापाऱ्याचा. गादी दाबून, गुंडाळून लहान करायची आणि घरी नेऊन सोडायची. कापूस तेवढाच राहतो. आकड्यांतील पुनरुक्ती काढून ते आटोपशीर लिहायचे आणि ऐकताना जसेच्या तसे उलगडायचे. २००१ साली निघालेली फ्लॅक ही पद्धत अशी आहे. तिने जागा साधारणतः निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत येते आणि एकही बिट गमावला जात नाही. सेवा याला 'लॉसलेस' म्हणतात. आपण त्याला 'अक्षत' म्हणू. लग्नात वाहतो त्या अक्षता म्हणजे न मोडलेले दाणे, हा अर्थ येथे चपखल बसतो.

दुसरा मार्ग अधिक धाडसाचा आहे. कानाला जे ऐकूच येणार नाही ते टाकून द्यायचे! देवळातली मोठी घंटा वाजत असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे पुटपुटणे ऐकू येत नाही. ते पुटपुटणे थांबलेले नसते. घंटेने ते झाकलेले असते. त्याचप्रमाणे मोठा स्वर आपल्या आसपासच्या लहान स्वरांना झाकतो, आणि जोरदार ठोका आपल्यामागून लगेच येणाऱ्या बारीक नादाला झाकतो. कानाच्या या स्वभावाचा अभ्यास करून जर्मनीत एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी जी पद्धत घडविली, ती पुढे एमपी३ या नावाने जगभर गेली. हे नाव १९९५ साली रूढ झाले. घडण चालू असताना सुझान व्हेगा या गायिकेचे, साथीला एकही वाद्य नसलेले एक गाणे त्यांनी कसोटी म्हणून पुन्हापुन्हा वापरले. नुसत्या गळ्याला झाकायला कोणी नसते, म्हणून यंत्राची लबाडी तेथे चटकन उघडी पडते. आपल्याकडे एकट्या तानपुऱ्यावरचा आलाप अशीच कसोटी ठरावा.

एमपी३ नंतर एएसी, ऑग व्होर्बिस, ओपस अशा सुधारलेल्या पद्धती आल्या. तत्त्व तेच, कात्री अधिक धारदार. मात्र कात्री किती चालवायची याला सीमा आहे. ती ओलांडली की दोष कानाला कळू लागतात. टाळ, झांज, चिपळ्या यांचा झणत्कार पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. तबल्याच्या खणखणीत ठोक्याआधी किंचित धूसर आवाज येतो, जणू ठोक्याची सावली ठोक्याच्या आधी पडते. याचे कारण असे की, यंत्र आवाजाचे बारीक तुकडे पाडून एकेक तुकडा संक्षिप्त करते, आणि त्या संक्षेपातली अशुद्धी तुकडाभर पसरते. तुकड्याचा पूर्वार्ध शांत असेल तर ती तेथे उघडी पडते.

सेवा काय देतात

आता निरनिराळ्या सेवांचे मोजमाप पाहू. १४११ हा आकडा मनात ठेवावा.

स्टॉकहोममध्ये जन्मलेली स्पॉटिफाय २००८ साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये भारतात आली. तिची काटछाटीतली सर्वात वरची पायरी ३२० किलोबिटांची. फुकट ऐकणाऱ्यास याहून खालची पायरी मिळते, आणि डेटा वाचवायचा पर्याय निवडला तर ती २४ किलोबिटांपर्यंतही उतरते. अक्षत दर्जाची घोषणा तिने २०२१ साली केली, पण तो प्रत्यक्षात आणायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. ॲपल म्युझिक २०१५ साली निघाले ते एएसी पद्धतीच्या २५६ किलोबिटांवर. २०२१ पासून त्याच वर्गणीत त्याने अक्षत दर्जा देऊ केला. ॲमेझॉनने तो काही देशांत २०१९ सालीच जादा पैसे घेऊन दिला होता आणि २०२१ मध्ये जादा आकार काढून टाकला. टायडल आणि फ्रान्समधील कोबझ यांनी तर अक्षत दर्जा हीच आपली ओळख केली. यूट्यूब म्युझिकची वरची पायरी २५६ किलोबिटांची, आपल्याकडील जिओसावनची ३२० ची.

काही सेवा सीडीच्याही पुढे जातात आणि २४ बिट व सेकंदाला १,९२,००० मोजण्या देतात. आकडा ऐकून माणूस दिपून जातो. परंतु सीडीच्या मोजण्या कानाच्या मर्यादेपर्यंत पुरत असतील, तर त्यापुढचा पसारा कोणासाठी? ध्वनिमुद्रण करणाऱ्याला २४ बिट निश्चित उपयोगी पडतात. त्याला पुढे मिश्रण व दुरुस्त्या करायच्या असतात आणि कापडात थोडे जास्तीचे माप असलेले शिंप्याला बरे. पण शिवून झालेला सदरा घालणाऱ्याला त्या जादा कापडाचा काय उपयोग?

कानाची परीक्षा

येथे कोणी म्हणेल, "आकड्यांचे राहू द्या, मला फरक ऐकू येतो." या म्हणण्याचा अनादर करू नये, पण त्याची परीक्षा मात्र घ्यावी. कान हे मनाच्या कह्यातले इंद्रिय आहे. याचा एक जुना दाखला आहे. १९१५ ते १९२५ या काळात अमेरिकेत एडिसनची कंपनी आपल्या ग्रामोफोनच्या जाहीर परीक्षा घेत असे. रंगमंचावर गायिका गाई, मध्येच ती थांबे आणि रेकॉर्ड तिचे गाणे पुढे नेई. दिवे मालवले तर गायिका केव्हा थांबली हे प्रेक्षकांना कळत नसे, असे वर्णन वृत्तपत्रांनी केले. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला. आज त्या रेकॉर्ड ऐकल्या तर हसू येईल, इतका त्यांचा आवाज कोंदट आहे. मग ते प्रेक्षक बहिरे होते काय? नव्हे. त्या प्रयोगांतील ॲना केस या गायिकेने पुढे वृद्धपणी सांगितले की, ती आपला आवाज यंत्रासारखा करून गात असे! गायिकेने यंत्राची नक्कल केली आणि लोकांनी यंत्राला शाबासकी दिली.

म्हणून खरी परीक्षा करायची तर तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य, दोन्ही आवाजांची पातळी तंतोतंत सारखी हवी. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, तो चांगला वाटतो. हीच माझी फजिती. त्यातून प्रत्येक सेवा गाण्यांची पातळी सारखी करण्याचे आपले स्वतंत्र माप वापरते. स्पॉटिफाय आणि ॲपल यांच्या नेहमीच्या मापांत सुमारे २ डेसिबलांचे अंतर आहे. तेवढे अंतर भल्याभल्यांना चकवायला पुरेसे होते.

दुसरे पथ्य, दोन्हीकडे मुद्रण एकच हवे. एकाच जुन्या गाण्याच्या बाजारात अनेक आवृत्त्या असतात. कोणी मूळ फितीवरून उतरवलेली, कोणी झिजलेल्या रेकॉर्डवरून, कोणी खरखर काढता काढता गळ्यातला जीवही काढून टाकलेला. आपण दोन सेवांची तुलना करतो असे आपल्याला वाटते आणि प्रत्यक्षात दोन आवृत्त्यांची तुलना होत असते.

तिसरे पथ्य, काय वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. 'अ' आणि 'ब' असे दोन नमुने द्यावेत, मग त्यांतलाच एक 'क्ष' म्हणून लावावा आणि क्ष म्हणजे अ की ब ते विचारावे. असे १६ वेळा करावे. नुसत्या अंदाजाने आठाच्या आसपास उत्तरे बरोबर येतील. १२ किंवा अधिक बरोबर आली तर ती केवळ नशिबाने येण्याचा संभव शंभरात चाराहून कमी, तेव्हा कानाला काही तरी कळते असे मानायला हरकत नाही.

भाच्याने ही परीक्षा माझ्यावर घेतली. एकाच अक्षत मुद्रणापासून त्याने ३२० किलोबिटांची प्रत तयार केली आणि पातळी सारखी केली. माझी १६ पैकी ९ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढे गुण मिळाले असते. मग त्याने वारकरी भजनाची २४ किलोबिटांची प्रत लावली. तेथे मात्र १६ पैकी १६. टाळांनी पहिल्याच ओळीत साक्ष दिली.

माझा अनुभव एकट्याचा. शास्त्रज्ञांनी हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे. सीडीहून वरच्या दर्जासंबंधी मायर आणि मोरान यांनी अमेरिकेत केलेले प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. ५५४ वेळा विचारले, २७६ उत्तरे बरोबर आली. म्हणजे निम्म्याहून एक कमी! दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लंडनचे जोशुआ राइस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरे शेकडा ५२ च्या किंचित वर निघाली. ज्यांना आधी शिकवून तयार केले होते त्यांचे यश याहून बरेच अधिक होते. तात्पर्य, फरक अगदीच नाही असे नाही. पण तो इतका बारीक आहे की, सामान्य श्रोत्याने त्यासाठी झोप उडवून घेऊ नये.

गाणे खरोखर कोठे बिघडते

मग आपल्याला गाणे निकृष्ट वाटते ते का? चार ठिकाणी पाहावे.

पहिले ठिकाण, मोबाइलमधली निवड. वर्गणी भरूनही कित्येकांच्या सेवेत डेटा वाचवण्याची कळ दाबलेली असते. दूध चांगले घ्यायचे आणि त्यात आपणच पाणी घालायचे, असा हा मामला.

दुसरे ठिकाण, ब्लूटूथ. अक्षत गाणे मोबाइलपर्यंत येते खरे, पण तेथून बिनतारी इअरफोनकडे जाताना ब्लूटूथ त्याची पुन्हा काटछाट करते. सर्वत्र चालणारी एसबीसी पद्धत साधारण ३२८ किलोबिटांपर्यंत जाते, आणि सोनीची एलडॅक जास्तीत जास्त ९९० पर्यंत. आपले ब्लूटूथ इअरफोन अक्षत दर्जा पोचवू शकत नाहीत हे अक्षत दर्जा सुरू करताना ॲपलनेच सांगितले होते. अक्षत हवे तर तारेचा मार्ग बरा.

तिसरे ठिकाण, स्पीकर आणि खोली. येथला फरक अंधपरीक्षेवाचूनही कळतो. उघड्या फरशीच्या रिकाम्या खोलीत उत्तम सेवाही घुमते. तेथे एक सतरंजी आणि एक जाड पडदा जे काम करील ते वर्षाची वर्गणी करणार नाही.

चौथे ठिकाण म्हणजे मूळ मुद्रण. अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड १,९२,००० मोजण्यांत उतरवली, तरी त्या लाखेच्या तबकडीत नव्हते ते कोठून येणार? आणि तरीही ती ऐकताना अंगावर काटा येतो. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली गेली, ती काही बिट मोजून नव्हे.

ऐकणे आणि जपणे

एवढे ऐकून आपण म्हणाल, "म्हणजे अक्षत दर्जा हे निव्वळ फॅडच!" येथवर माझाही कल तसाच दिसला असेल. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगताना मला माझ्या शहाणपणाचा राग येतो.

माझी आई जात्यावरच्या ओव्या गात असे. १९८६ साली मी तिला कॅसेटवर गायला लावले. नुसते नव्हे, जाते ओढत. २००४ मध्ये मी नव्या संगणकाच्या उत्साहात ती कॅसेट एमपी३ करून घेतली. जागा वाचावी म्हणून ३२ किलोबिटांचा पर्याय निवडला, संगणकाच्या पडद्याशेजारच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकून "छान झाले" म्हटले, आणि कॅसेट टाकून दिली. आई आता नाही. आज चांगल्या इअरफोनवर ती फाइल लावतो तेव्हा आईचे शब्द कळतात, चाल कळते. पण जात्याची घरघर उरलेली नाही. तिच्या जागी ओढ्याच्या पाण्यासारखा खळखळाट आहे. यंत्राच्या लेखी ती घरघर म्हणजे नुसता गोंगाट, अडगळ. त्याने ती कापली. माझ्या लेखी ती अर्धी आई होती. ती आता कोणत्याही सेवेच्या कोणत्याही दर्जात परत मिळणार नाही.

म्हणून ऐकण्याचा न्याय निराळा आणि जपण्याचा न्याय निराळा. ऐकायला २५६ किंवा ३२० किलोबिट बहुतेकांना बहुतेक वेळा पुरतात. परंतु कापलेले पुन्हा जोडता येत नाही, आणि एका पद्धतीने कापलेले दुसऱ्या पद्धतीने पुन्हा कापले की दोष वाढत जातात. आपल्या गावोगावच्या कीर्तनांच्या, भारुडांच्या, वाड्यावाड्यातल्या मैफलींच्या फिती आज कपाटांत पडल्या आहेत. त्या उतरवून घ्या, लवकर घ्या, कारण फीत झिजते. पण उतरवताना अक्षत प्रत ठेवा आणि मूळ फीत टाकू नका. जागेची काटकसर करण्याचे दिवस गेले. एका तासाच्या अक्षत मुद्रणाला जी जागा लागते ती आज आपण लग्नातल्या एका चित्रफितीवर सहज उधळतो.

स्ट्रीमिंग सेवा निवडताना ज्याच्याकडे आपल्या आवडीची गाणी आहेत, ज्याचे दर परवडतात आणि ज्याच्या यादीत आवृत्ती चांगली आहे त्याला पसंती द्यावी. किलोबिटांचा नंबर त्याच्या मागून लागतो. शेजाऱ्याशी वाद झालाच तर दोन्ही आवाज सारखे करून, डोळे बांधून सोळा वेळा ऐकावे. हरलो तर हसावे, मी हसलो. मात्र घरात आई-आजीचा आवाज असलेली एखादी कॅसेट सापडली, तर तेथे हसण्यावारी नेऊ नये. आज घरी गेल्यावर आपल्यापैकी एकाने जरी असे एखादे कपाट उघडून पाहिले, तरी हे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.